पाटसजवळचा हुरडा: आगटीला पैकीच्या पैकी, डीजेला शून्य

या शेतावर जायचं तर सकाळी दहाच्या आत पोचा. बारानंतर ट्रॅक्टरची फेरी, पतंग आणि डीजे सगळं एकदम सुरू होतं, मग आगटीभोवती, म्हणजे कणसं भाजायच्या खड्ड्याभोवती, टेकायला जागा राहत नाही. माणशी 700 रुपये. त्यात नाश्ता, हुरडा आणि दुपारचं जेवण.

माझं माहेर बार्शीकडचं, त्यामुळे हुरड्याच्या बाबतीत मी जरा चिकित्सकच. पुण्याच्या आसपास कितीतरी ठिकाणी पिशवीतून आणलेला गार हुरडा तव्यावर परतून समोर ठेवतात आणि वर त्याला पार्टी म्हणतात. इथे कणसं समोरच्याच रानातून येतात. ज्वारीचा वाण सुरती. खड्ड्यात गोवऱ्यांचा आर, त्यात कणसं खुपसलेली, आणि शेजारी बसलेल्या मावशी ती गरम गरमच हातावर चोळतात, सुपात पाखडतात आणि थेट तुमच्या पुढ्यात ओततात. दाणा हिरवागार, गोड, दाताखाली दूध सुटणारा. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, रेवड्या, गोडी शेव. वर पाणी ढोसू नका, ताक मागा. मागितलं की देतात, आपणहून देत नाहीत.

शेतकरीदादा बोलके आहेत. जानेवारीअखेरपर्यंत असा कोवळा हुरडा कसा पुरवता, म्हणून विचारलं. म्हणाले, "ताई, एकदम पेरलं तर आठवड्यात सगळं निबार होतं. म्हणून तुकडे पाडून, आठ-आठ दिवसांनी पेरतो." शिवाय गोड दाण्यावर पाखरं तुटून पडतात, त्यामुळे राखणीला दिवसभर माणूस लागतो. शेजारी मालदांडी ज्वारीही उभी आहे, पण ती घरच्या भाकरीसाठी. हुरड्याची कणसं खुडली की हिरवी ताटं गाईंना जातात. "दुधाचा पगार खुराकातच जातो. पोरीच्या कॉलेजची फी हा हुरडा काढतो," हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. त्यानंतर 700 रुपये मला जड वाटले नाहीत. ओसरीवर राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखालचं नोंदणी प्रमाणपत्रही लावलंय.

आता तक्रारी. जेवणात पनीर आणि गुलाबजाम कशाला? पिठलं, बाजरीची भाकरी, भरीत आणि ठेचा तिथेच होता, उत्तम होता, आणि लोक पनीरच्या रांगेत उभे! (आमचे हेही त्याच रांगेत.) डीजेबद्दल विचारलं तर दादा म्हणाले, गिऱ्हाईक मागतं. मागत असेलही; पण ज्याच्याकडे अशी आगटी आहे त्याने आवाज निम्म्यावर ठेवला तरी गिऱ्हाईक कुठे जाणार नाही. स्वच्छतागृहं स्वच्छ, पण दोनच, त्यामुळे बायकांची रांग मोठी. गर्दी वाढली की हुरडा आधीच चोळून टोपलीत झाकून ठेवतात आणि तो निवतो. तसा आला तर बिनदिक्कत परत करा, ताजा देतात.

रविवारपेक्षा मधल्या वारी जा आणि आदल्या दिवशी फोन करा, कारण माणसं मोजूनच कणसं खुडतात. घरी न्यायला हुरडा किलोवर मिळतो. मी घेतला नाही. आगटीपासून उठलं की त्याची निम्मी चव जाते.