ख्रिस्ती वधू-वर सूचक सेवा : दाखला बाप्तिस्म्याचा, चौकशी जातीची

लेकीचं नाव पुण्यातल्या एका ख्रिस्ती वधू-वर सूचक सेवेत नोंदवलं. कामात चोख आहेत. बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकसाहेबांचं पत्र बघितल्याशिवाय नोंदणी करत नाहीत, विचारल्याशिवाय फोटो पुढे पाठवत नाहीत. पण फॉर्मवर ‘मंडळी’च्या (म्हणजे आपल्या चर्चच्या नावाच्या) खाली ‘पूर्वीचा समाज’ असा रकाना आहे.

मी तो कोरा सोडला. लगेच फोन. “ताई, तेवढं सांगा ना, समोरचे विचारतात.”

“ख्रिस्ती,” मी म्हटलं.

“ते झालंच हो. त्याच्या आधीचे कोण?”

सांगितलं. आम्ही नेवासे तालुक्यातले, महारवाड्यातले. त्यात लपवण्यासारखं काय आहे? मग एका घरी पार सुपारीपर्यंत आलेलं बोलणं थांबलं. मुलाचे वडील मंडळीत पंच, चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीत द्राक्षरसाचा प्याला फिरवणारे. निरोप आला, “प्रार्थना केली, प्रभूची इच्छा दिसत नाही.”

जातीला नाही म्हणाले असते तर एक वेळ सोसलं असतं. ते प्रभूच्या तोंडी कशाला घातलं? लेक आता घरच्या प्रार्थनेत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणायची वेळ आली की गप्प बसते. तिचा विश्वास कुठल्या नास्तिकाने नाही, आपल्याच माणसांनी दुखावला.

अहमदनगरला मिशन आलं 1831 मध्ये. पुढे महार-मांगांनी प्रभू स्वीकारला तो माणूस म्हणून बरोबरीने बसता यावं म्हणूनही. ब्राह्मण घरातले कवी नारायण वामन टिळक, त्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा जातीवर पाणी सोडलं. आजही राष्ट्रपतींच्या 1950 च्या अनुसूचित जाती आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीत धरत नाहीत, म्हणून ‘धर्म बदलला तरी जात सुटत नाही’ असं आपण सरकारला ओरडून सांगतो. ती सोडत नाहीत त्यांतले काही आपल्याच बाकांवर बसतात, हे कोण सांगणार?

माझा विश्वास मात्र तसाच आहे. मत्तयाचा 23वा अध्याय काढून बघा. प्रभूने सगळ्यात कडक शब्द वापरलेत ते धार्मिक ढोंग्यांसाठी. त्या वडिलांवर मी चिडले तर प्रभूपासून लांब जात नाही.

5 पैकी 2 तारे, तेही तपासणी नीट करतात म्हणून. घरं विचारतात हे खरं, पण छापील रकाना देऊन त्या विचारण्याला मान सेवेनेच दिलाय. रकाना काढला तर मी पुन्हा फी भरेन. तोवर नाव नोंदवणाऱ्यांनी तो कोरा ठेवा आणि फोन आला तर मंडळीचं नाव सांगून थांबा.