आयसीयूतला सलग ईईजी: पाचपैकी चार तारे

लहान मुलांच्या आयसीयूत नर्स आहे. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या मुलांच्या डोक्याला आम्ही सलग ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख काढणारं यंत्र, लावतो, त्याबद्दल हा अभिप्राय. कंपनीचं नाव घेत नाही. मुद्दा यंत्राच्या कामाचा आहे.

पहिला तारा छुप्या झटक्यांसाठी. अशा मुलांना फिटचे झटके येतात, पण त्यातले कित्येक फक्त मेंदूत चालतात, हातपाय ढिम्म. त्यात स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर विचारायलाच नको, पलंगापाशी टक लावून बसलं तरी कळत नाही. अर्ध्या तासाचा साधा ईईजी काढून नेला तर झटका नेमका त्याच वेळात येईल याचा काय भरवसा?

दुसरा नि तिसरा तारा आईवडिलांच्या प्रश्नासाठी, तो वेगळा असतो: पोर पुढे कसं असेल? त्यासाठी आलेखाचा एकंदर पोत बघतात. लहरी सलग आहेत, बदलत राहतात, हाक मारली किंवा नखावर दाब दिला की हलतात, झोपेतले स्पिंडल, म्हणजे जलद लहरींच्या छोट्या लडी, दिसतात, तर ती आशेची बाजू. नुसती सपाट रेघ, किंवा मध्येच लहरींचा झुबका उठून पुन्हा सपाट, ज्याला बर्स्ट सप्रेशन म्हणतात, तर काळजी. पण मिडाझोलाम हे गुंगीचं औषध वाढवलं तरी आलेख मंदावतो, आणि फेनोबार्बिटल हे झटक्यांवरचं औषध किंवा उपचारासाठी थंड ठेवलेलं शरीरही त्यात भर घालतं. म्हणून स्क्रीन बघण्याआधी मी शिरेतून औषध सोडणारा इन्फ्युजन पंप बघते.

चौथा तारा देताना माझा हात थोडा आखडला, तो याच कारणाने. वाईट आलेख बघून उपचार आवरते घेतले, तर अंदाज खरा ठरणारच. तो मुळात बरोबर होता का, हे कधी तपासलंच जात नाही. एकट्या ईईजीवर निकाल देऊ नये, डोळ्यांच्या बाहुल्यांची प्रतिक्रिया, एमआरआय, रक्ततपासण्या हे सगळं जोडून बघावं, असं तज्ज्ञ सांगतात ते उगाच नाही. आणि चांगला आलेख म्हणजे शाळेत पूर्वीसारखं लक्ष लागेल याची हमीही नव्हे.

कापलेला तारा रोजच्या कटकटींचा. टेपने डोकं मोजायचं, पेन्सिलने खुणा करायच्या, कोलोडियन नावाच्या चिकट द्रावाने लहरी टिपणारा एकेक इलेक्ट्रोड चिकटवायचा. त्या वासाने माझं कपाळ चढतं. छातीची फिजिओथेरपी सुरू झाली की थापट्यांच्या तालात अशा लहरी उमटतात, की नवखा डॉक्टर झटक्याचं औषध मागवेल. त्यामुळे व्हिडिओ जोडलेलाच हवा, आणि थापटलं, सक्शनने कफ ओढला, कूस बदलली, हे त्या त्या वेळेला नोंदवायला हवं. आलेख वाचणारा माणूस रात्री उपलब्ध नसेल, तर एवढा खटाटोप सकाळपर्यंत नुसता साठत राहतो.

इलेक्ट्रोडखालची कातडी रोज बघा, कपाळावर जखमा लवकर होतात. आणि लावतानाच एमआरआयला चालणारे इलेक्ट्रोड मागून घ्या. नाहीतर सगळं उपटा, डोकं पुसा, आणि मूल परत आलं की पुन्हा टेप नि पेन्सिल.