इंजिनाचे पाणी आणि ईजीआर: जुन्या प्रियसचा कोल्हापुरातील अनुभव

जुनी हायब्रिड गाडी घेतली असे सांगितले की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बॅटरी गेली तर काय करणार? प्रश्न रास्त आहे. मात्र २०१२ सालची टोयोटा प्रियस वर्षाहून अधिक काळ कोल्हापूर शहरात, गगनबावड्याच्या वाटेवर आणि पुण्याच्या महामार्गावर वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, इतक्या जुन्या हायब्रिडचे आयुष्य बॅटरीपेक्षा तिच्या पेट्रोल इंजिनाच्या थंडाव्यावर अधिक अवलंबून असते. बॅटरी थकली तर ती बदलता किंवा दुरुस्त करता येते. इंजिनाचे पाणी, म्हणजे कूलंट, हळूहळू कमी होत राहिले आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही, तर आधी हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधील सील) जाते आणि तरीही गाडी पळवत राहिल्यास इंजिनच जाते. म्हणून बॅटरी आणि मायलेज यांविषयी थोडक्यात लिहून मी मुख्यतः इंजिन आणि कूलिंग यांविषयीच लिहितो.

ही तिसऱ्या पिढीची प्रियस जगात २००९ साली आली आणि भारतात २०१० पासून पूर्णपणे आयात होऊन विकली गेली. इंजिन १.८ लिटरचे, ॲटकिन्सन पद्धतीचे आणि १३:१ कॉम्प्रेशनचे आहे. या इंजिनावर बाहेरून एकही बेल्ट नाही. पाण्याचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंग ही तिन्ही कामे विजेवर चालतात. बेल्ट तुटण्याची भीती त्यामुळे राहत नाही. पण नेहमीच्या गाडीत पाण्याचा पंप इंजिनाबरोबर फिरतो आणि बिघडताना आवाज करून किंवा पाणी गाळून सूचना देतो, तसे येथे होईलच असे नाही. विजेवरचा पंप वरून ठणठणीत दिसत असताना आतून मंदावलेला असू शकतो. भरीस भर म्हणजे डॅशबोर्डवर तापमानाचा काटाच नाही, फक्त लाल दिवा आहे, आणि तो लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. गाडी ताब्यात आल्यावर पहिली खरेदी मी ओबीडी रीडरची, म्हणजे गाडीच्या संगणकातील माहिती वाचणाऱ्या छोट्या उपकरणाची केली. तो मोबाइलला जोडून इंजिनाच्या पाण्याचे तापमान सतत समोर ठेवता येते. जुनी हायब्रिड घेणाऱ्या प्रत्येकाने हा अल्प खर्च करावाच, असे मी आग्रहाने सांगेन.

या गाडीत थंडाव्याची दोन स्वतंत्र मंडले आहेत, हेही नीट समजून घ्यावे. एक इंजिनाचे आणि दुसरे इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणारे उपकरण) व मोटरचे. दोन्हींच्या टाक्या वेगळ्या आहेत आणि पंपही वेगळे आहेत. बॉनेट उघडून एकाच टाकीची पातळी पाहणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. इन्व्हर्टरचा पंप चालू आहे की नाही हे पाहण्याची साधी रीत अशी: गाडी रेडी अवस्थेत (सुरू करून चालण्यास तयार) ठेवावी, टॉर्च घेऊन इन्व्हर्टरच्या टाकीत डोकवावे. पंप ठीक असेल तर पाण्याचा पृष्ठभाग खळबळताना स्पष्ट दिसतो. पाणी निश्चल असेल तर त्या गाडीने घाट चढू नये. ही तपासणी मिनिटभराची आहे आणि मी ती दर महिन्याला करतो.

गाडी पुण्याहून आणली तेव्हा इंजिनाच्या टाकीतील कूलंट फिकट, जवळजवळ पाण्यासारखे दिसत होते. मूळ कूलंट गडद गुलाबी असते, तयार मिश्रणाच्या स्वरूपातच मिळते आणि त्यात पाणी घालायचे नसते. कंपनीच्या वेळापत्रकानुसार इंजिनाचे कूलंट पहिल्यांदा १,६०,००० किलोमीटर किंवा १० वर्षे यांपैकी जे आधी येईल तेव्हा आणि त्यानंतर दर ८०,००० किलोमीटर किंवा ५ वर्षांनी बदलावे लागते. आधीच्या मालकाच्या काळात कोणत्या तरी गॅरेजमध्ये पातळी कमी दिसेल तेव्हा साधे पाणी ओतले गेले होते, हे घनता तपासल्यावर निश्चित झाले. साध्या पाण्यामुळे उत्कलनबिंदू खाली येतो, गंजरोधक रसायने पातळ होतात आणि बोअरचे पाणी असेल तर क्षार साचतात ते वेगळेच. पाणी ओतावे लागत होते याचाच अर्थ ते कुठेतरी जात होते. शाहूपुरीतील ज्या मिस्त्रींकडे मी गाडी नेली, त्यांनी स्कॅनर लावण्याआधीच सांगितले, "पाणी कुठं जातंय ते आधी बघूया साहेब, मग हेडला हात लावू." हा क्रम अतिशय योग्य होता.

रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावून गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी काटा थोडा उतरलेला होता. दिव्याच्या प्रकाशात पाण्याच्या पंपाच्या जोडाखाली गुलाबी-पांढरट, मिठासारखा सुकलेला थर दिसला. नखाने खरवडला तर त्याची भुकटी निघत होती, म्हणजे गळती नवी नव्हती. गरम इंजिनावर थेंब पडतो आणि लगेच सुकतो, त्यामुळे जमिनीवर डाग पडत नाही आणि मालकाला गळती कधीच दिसत नाही. पंप बदलला, थर्मोस्टॅटही (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) त्याच वेळी बदलला आणि संपूर्ण कूलंट नवे भरले.

कूलंट भरताना हवा काढणे हा या गाडीतील नाजूक भाग आहे. रेडी अवस्थेत गाडी उभी असली की इंजिन आपल्या मर्जीने बंद होते, आणि इंजिन बंद झाले की थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाणी तापत नाही. यासाठी मेंटेनन्स मोड वापरावा लागतो. ब्रेक न दाबता पॉवरचे बटण दोनदा दाबावे. मग एका मिनिटाच्या आत पी (पार्क) मध्ये ॲक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबावा, एन (न्यूट्रल) मध्ये दोनदा, पुन्हा पी मध्ये दोनदा, आणि शेवटी ब्रेक दाबून गाडी सुरू करावी. त्यानंतर इंजिन बंद न पडता चालू राहते. हा प्रकार माहीत नसलेल्या ठिकाणी हवा अडकून राहते, हीटरमधून खळखळ ऐकू येते आणि नवा पंप घालूनही गाडी तापते. हे काम कोणाला द्यावे हे ठरवताना मेंटेनन्स मोड माहीत आहे का, एवढा एक प्रश्न विचारून पाहावा.

आता ईजीआरविषयी, म्हणजे जळालेला वायू पुन्हा इंजिनात फिरवण्याच्या व्यवस्थेविषयी. माझ्या मते हाच या इंजिनाचा सर्वांत महत्त्वाचा विषय आहे. जळालेल्या वायूचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडला जातो, त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते, नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात आणि इंधनाचीही बचत होते. वायू थंड करण्यासाठी जो कूलर आहे, त्याच्या अरुंद पाकळ्यांमध्ये वर्षानुवर्षे काजळी साचते, चुलीच्या धुराड्यात साचते तशी. पुढे तीच काजळी व्हॉल्व्हवर आणि इनटेक मॅनिफोल्डमधील बारीक छिद्रांत बसते. सगळी छिद्रे सारखी बुजत नाहीत. एखाद्या सिलिंडरला थंड वायू मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही, आणि ज्याला मिळत नाही तो अधिक तापतो. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये हेड गॅस्केट जाण्याच्या ज्या तक्रारी जगभरातून आल्या, त्यांच्या मुळाशी हेच कारण आहे असे हायब्रिडवर काम करणारे अनेक अनुभवी कारागीर मानतात, आणि माझ्या गाडीचा कूलर उघडलेला पाहिल्यावर मला ते पूर्णपणे पटले.

कूलर इंजिनाच्या मागच्या अंगाला, काचेच्या बाजूला आहे. वायपर आणि त्याखालचे आवरण काढल्याशिवाय तेथे हात पोहोचत नाही. म्हणूनच नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये त्याकडे कोणी वळत नाही. काढल्यानंतर कूलर उजेडासमोर धरला तर आरपार प्रकाश जवळजवळ दिसतच नव्हता. पाकळ्यांवर काळा, कोरडा, डांबरासारखा कडक थर होता. गरम पाणी आणि कार्बन क्लीनर यांत तो कित्येक तास भिजत ठेवला, पाणी पुन्हा पुन्हा बदलले, आणि शेवटी एका तोंडातून ओतलेले पाणी दुसऱ्या तोंडातून अडथळ्याविना धो-धो बाहेर पडू लागले तेव्हाच काम झाले असे मानले. मॅनिफोल्डच्या चार छिद्रांपैकी दोन बारीक तारेनेच मोकळी करावी लागली. या कामानंतर गाडीत जो फरक पडला तो चालवणाऱ्याला पहिल्याच दिवशी जाणवतो: चढावर इंजिनाची कुरकुर थांबली आणि सुरू होताना बसणारा झटका सौम्य झाला.

सकाळच्या थरथरीविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण तिच्यामुळे पुष्कळ मालक घाबरतात आणि काही जण नको तेवढे निश्चिंत राहतात. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना इंजिन काही क्षण जोरात थडथडते. याचे एक कारण साधे आहे: दमट हवेत मॅनिफोल्डमध्ये साचलेला ओलावा सिलिंडरमध्ये ओढला जातो. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमधील पावसात हे अधूनमधून घडते आणि त्यात धोका नाही. दुसरे कारण गंभीर आहे: गॅस्केटमधून रात्रभर थेंब-थेंब कूलंट एखाद्या सिलिंडरमध्ये उतरलेले असते. थरथर वारंवार होत असेल, सोबत टाकीची पातळी घटत असेल आणि स्कॅनरवर पी०३०० किंवा पी०३०१ सारखे मिसफायरचे (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याचे) कोड दिसत असतील, तर एक दिवसही वाट पाहू नये. माझ्या गाडीत पी०३०१ साठवलेला सापडला होता. म्हणून आम्ही स्पार्क प्लग काढून बोअरस्कोप (बारीक नळीसारखा कॅमेरा) आत घातला. चारही पिस्टनच्या माथ्यावर सारखाच काळसर थर होता. पाणी येत असलेल्या सिलिंडरचा पिस्टन वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो, तसा एकही नव्हता. रेडिएटरच्या तोंडाशी धरलेल्या निळ्या द्रावणाचा रंगही बदलला नाही. जळालेला वायू पाण्यात मिसळत असता तर ते पिवळे पडले असते. या दोन चाचण्यांनंतरच गॅस्केट शाबूत आहे असे आम्ही ठरवले. केवळ कोड पाहून हेड उतरवायला सांगणाऱ्यांचे ऐकू नये.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांच्या त्याच पिढीच्या गाडीचे गॅस्केट मात्र गेले. लाल दिवा लागल्यावरही मुक्कामाला पोहोचायचे म्हणून गाडी तशीच पुढे नेली गेली होती. हेड उतरवून उद्यमनगरात फेस करून (त्याचा पृष्ठभाग सपाट करून) घेतले गेले, आणि ते काम उत्कृष्ट झाले. फाउंड्री आणि मशीनिंगची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा असलेल्या गावात राहण्याचा हा मोठा लाभ आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. अशा कामात हेडचे बोल्ट नवेच घालावेत, कारण आवळताना ते ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तेच वापरले तर पकड भरवशाची राहत नाही. ईजीआर कूलर साफ न करता नवे गॅस्केट बसवणे म्हणजे खर्च वाया घालवणे होय.

दुरुस्तीनंतरचा प्रत्यक्ष अनुभव अतिशय समाधानकारक आहे. शहरात पाण्याचे तापमान ८५ ते ९२ अंशांच्या दरम्यान राहते. तळेऱ्याकडून करूळ घाट चढताना, चार माणसे आणि एसी चालू असताना, ते ९६-९७ पर्यंत जाते आणि गगनबावड्याला पोहोचल्यावर लगेच उतरते. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे रांगत जावे लागते, तेव्हा गाडी बराचसा वेळ विजेवर सरकते आणि तापमान उलट खाली येते. त्याच हंगामात पाचटाचे तुकडे आणि धूळ समोरच्या जाळीत अडकतात, म्हणून हंगाम संपला की रेडिएटर आतून बाहेरच्या दिशेने हलक्या पाण्याने धुऊन घ्यावा. घाट उतरताना बॅटरी पूर्ण भरली की वाढीव वीज साठवायला जागा राहत नाही. तेव्हा बी मोडमध्ये टाकले असता इंजिन इंधनाशिवाय फिरून गाडी रोखते आणि ब्रेक तापत नाहीत.

बॅटरीविषयी थोडक्यात. निकेल-मेटल हायड्राइडची २८ मोड्यूल्सची ही बॅटरी हवेने थंड होते, आणि ती हवा मागच्या सीटजवळच्या झडपेतून आत ओढली जाते. त्या झडपेपुढे सामान ठेवू नये आणि आतील पंख्यावरची धूळ वर्षातून एकदा काढावी. नारिंगी, म्हणजे उच्च दाबाच्या, केबलना स्वतः हात लावू नये. मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यानंतरही कपॅसिटर रिकामे होण्यासाठी १० मिनिटे थांबावे लागते. बारा व्होल्टची लहान बॅटरी अशक्त झाली तरी डॅशबोर्डवर नाही नाही ते दिवे लागतात, म्हणून मोठ्या खर्चाआधी ती तपासावी.

मायलेज मला शहरात आणि महामार्गावर मिळून वीसच्या वर मिळते. तेल ०डब्ल्यू-२० दर्जाचेच वापरतो आणि सात-आठ हजार किलोमीटरला बदलतो, कारण या इंजिनांत पुढे पिस्टन रिंगांमुळे तेल खाण्याची प्रवृत्ती दिसते. सुट्या भागांसाठी मात्र संयम लागतो. बहुतेक भाग मागवावे लागतात आणि तोवर गाडी उभी राहते. ज्याच्याकडे ही एकच गाडी आहे आणि ती रोज हवीच आहे, त्याला मी ही घेण्याचा सल्ला देणार नाही. इतरांनी घेण्यापूर्वी गाडी रात्रभर थंड ठेवून सकाळी स्वतः सुरू करून पाहावी, दोन्ही टाक्यांतील कूलंटचा रंग पाहावा आणि ईजीआर कूलर कधी साफ केला याचे बिल मागावे; बिल नसेल तर त्या कामाचा खर्च किमतीतून वजा करावा.

माझ्या गाडीला २०२७ मध्ये १५ वर्षे पूर्ण होतील, तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओची तपासणी होईल आणि पर्यावरण करही भरावा लागेल. तो भरून ही गाडी पुढे ठेवण्याचे मी ठरवले आहे. इन्व्हर्टरचा पंप अजून मूळचाच आहे. तो चालू आहे, तरी नवा मागवून ठेवला आहे आणि पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी त्या मंडलाच्या कूलंटसह बदलून घेणार आहे.