शंभर लिटरच्या खाऱ्या टँकवरचा प्रोटीन स्किमर, उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढून झाल्यावर

आधी निकाल सांगते, पाल्हाळ नंतर. (स्किमर म्हणजे पाण्यातली घाण बारीक बुडबुड्यांच्या फेसावर चढवून वरच्या कपात काढणारं यंत्र.) टँक साठ लिटरच्या आतला असेल, आत क्लाउनफिशची एक जोडी आणि चार मऊ कोरल असतील तर स्किमर घेऊच नका, ते पैसे रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारेपणा मोजायचं यंत्र) आणि बऱ्यापैकी आरओ फिल्टरवर घाला, दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदला, काम भागतं. शंभरच्या आसपास गेलात, मासे तीन-चार झाले आणि खायला घालताना हात सैल असेल (माझा आहे) तर घ्या, पण मग ब्रँड आणि वॅट बघत बसण्यापेक्षा संपमधल्या (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतल्या) पाण्याच्या उंचीकडे बघा. माझ्या मते छोट्या स्किमरची निम्म्याहून जास्त भांडणं तिथली असतात.

माझा टँक दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. कागदावर सव्वाशे लिटर, दगड-वाळू वजा केली आणि खालच्या संपमधलं मिळवलं तर खरं पाणी शंभर-एकशेदहा लिटर. आत क्लाउनची जोडी, एक रॉयल ग्रामा मासा, एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी), आणि मऊ कोरलपैकी झोआ, मशरूम, एक लेदर. आम्ही ठाण्याला राहतो, टँक हॉलमध्ये आहे, म्हणजे आवाज, वास, गळती जे काय होईल ते सगळ्या घरादेखत होणार. स्किमर संपमध्ये ठेवायचा, सुईचाकाच्या इम्पेलरचा (पंपातलं काटेरी चाक, तेच हवेचे बारीक बुडबुडे करतं), डीसी पंपवाला. नाव लिहीत नाही कारण हाच साचा तीन-चार वेगवेगळ्या नावांनी विकायला असतो, सात हजारांच्या आतबाहेर पडला. पंप आठ वॅटचा आहे, म्हणजे चोवीस तास चालवून महिन्याला सहा युनिटसुद्धा होत नाहीत, लाईट बिलाची काळजी करायची तर चिलरची (पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) करा.

घेताना तीन प्रकार समोर होते. एक तो हवेच्या पंपावर चालणारा, लाकडी एअरस्टोनवाला. स्वस्त आहे, बुडबुडे सुंदर बारीक देतो, पण लाकूड काही आठवड्यांत चोंदतं आणि बदलत राहावं लागतं, शिवाय हवेच्या पंपाची घरघर. दुसरा काचेला मागे लटकवायचा. संप नसेल तर हाच पर्याय, आणि तो वाईट नाही, पण त्याचा कप कधी भरून वाहिला तर ते खारं पाणी सरळ फरशीवर आणि एक्स्टेन्शन बोर्डवर येतं. संपमधल्याचा कप वाहिला तर घाण परत संपमध्येच पडते, चडफड होते पण फर्निचर वाचतं. मला संप होताच, त्यामुळे प्रश्न मिटला.

साईजबद्दल मात्र बोलायचंय. कुर्ल्याच्या मार्केटमध्ये फिरा नाहीतर कुणालाही विचारा, सल्ला एकच, ‘टँकच्या दुप्पट लिटरचा घ्या’. मोठ्या टँकला ठीक असेल, छोट्याला मला हे पटत नाही. स्किमरला फेस टिकवायला पाण्यात घाण लागते. तीन माशांच्या टँकवर चारशे लिटरचा स्किमर बसवला तर त्याच्या रुंद नेकमध्ये (कपाकडे जाणाऱ्या वरच्या नळीत) फेस वर चढायला पुरेसा मालच नसतो, मग तो दोन दिवस काहीच काढत नाही आणि तिसऱ्या दिवशी एकदम उसळतो. खोक्यावरचा लिटरचा आकडाही नीट वाचा, तिथे कमी मासे आणि जास्त मासे असे दोन वेगळे आकडे असतात आणि दुकानदार मोठा तेवढा वाचून दाखवतो. मी जास्त माशांच्या रकान्यात दीडशे लिटर लिहिलेला घेतला आणि त्याला काम पुरतंय.

काम काय करतो ते थोडक्यात. पावसाळ्यात कोकणातल्या किनाऱ्यावर लाटांबरोबर पिवळट फेस येऊन साचतो ना, तेच इथे एका नळीत घडवून आणायचं असतं. पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय घाणीतल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं, असे रेणू बुडबुड्याला चिकटतात, बुडबुडे वर चढतात, कपात फुटतात. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, खाऱ्या पाण्यातले क्षार ते होऊ देत नाहीत, म्हणून हे यंत्र खाऱ्या टँकलाच शोभतं. आणि लक्षात घ्या, नायट्रेट किंवा फॉस्फेट तो थेट काढत नाही, ते व्हायच्या आधीचा कच्चा माल काढतो. तोही सगळा नाही. पेन स्टेट युनिव्हर्सिटीतले केमिस्ट केन फेल्डमन आणि त्यांच्या टीमने 2009 मध्ये स्किमर मोजून बघितले होते तेव्हा पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण 20 ते 30 टक्केच बाहेर येतो असं दिसलं, बाकीचा तसाच राहतो. स्किमर लावला की पाणी बदलायला नको असं कुणी सांगितलं तर त्याला हा आकडा सांगा.

आता लावण्याबद्दल. नवीन स्किमर आधी व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्यात चालवून घ्या, साच्यातलं तेलकट काहीतरी प्लास्टिकला असतं. तरी पहिला आठवडा-दोन आठवडे तो वेड्यासारखाच वागतो, आतून शेवाळी-बुळबुळीत थर बसेपर्यंत. या काळात एकतर नुसते बुडबुडे, टँकभर बारीक पांढरे ठिपके, नाहीतर कप स्वच्छ पाण्याने भरलेला. आउटलेट पूर्ण उघडा ठेवायचा, कपाचं झाकण काढून खाली एखादं भांडं, आणि सोडून द्यायचं.

मग पाण्याची उंची. माझ्या स्किमरला कंपनी म्हणते 16 ते 18 सेंटिमीटर पाण्यात ठेवा. माझ्या संपचा तो कप्पा आडव्या काचेमुळे 22 वर भरतो. तर खाली लाईट डिफ्युझरची पांढरी जाळी कापून, पीव्हीसीचे चार तुकडे लावून स्टँड केलं आणि त्याला बरोबर 17 वर आणलं. हे इतकं महत्त्वाचं का, तर छोट्या स्किमरची नेक मुळात पाच-सहा सेंटिमीटरची. बाहेर पाणी एक सेंटिमीटर चढलं की आत फेसही जवळपास तेवढाच चढतो. मोठ्या स्किमरच्या लांब नेकमध्ये एक सेंटिमीटर इकडेतिकडे खपून जातो, इथे त्यात कोरडा फेस आणि वाहणारा कप एवढा फरक पडतो. म्हणून ज्यांच्या संपला कप्पेच नाहीत, एकच डबा आहे, त्यांनी ऑटो टॉप-अप (उडालेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र) आधी घ्यावं आणि स्किमर नंतर. मे महिन्यात पंखा लावून माझं दिवसाला दीड-दोन लिटर पाणी उडायचं, कप्पे नसते तर सकाळी सेट केलेला स्किमर संध्याकाळी बसलेला दिसला असता.

उंची पक्की झाल्यावर आउटलेटचा पाईप. फिरवून थोडा बंद केला की आतली पातळी चढते आणि फेस ओला येतो, उघडला की उतरते आणि फेस कोरडा, घट्ट येतो. बुडबुडे संपून फेस सुरू होतो ती रेघ नेकच्या तळाशी आली की थांबा. त्यानंतर एका वेळेला अगदी जरासं फिरवायचं आणि पूर्ण दिवस हात लावायचा नाही. हवेचा स्क्रू मी कायम पूर्ण उघडा ठेवते, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

मला कपात कोऱ्या चहाच्या रंगाचं यायला लागलं की मी खूश. काही जण एकदम काळं घट्ट काढतात, त्यात नेक लवकर माखते आणि एकूण घाण कमीच निघते असं मला दिसलं. पण फार ओलं काढायचं तर एक हिशोब करा. दिवसाला 200 मिली कपात जात असेल तर आठवड्याला 1.4 लिटर खारं पाणी बाहेर गेलं आणि त्याच्या जागी टॉप-अपचं गोडं पाणी आलं, शंभर लिटरच्या टँकमध्ये सॅलिनिटी (हजार भागांत मीठ किती) 35 वरून 34.5 वर. महिनाभर लक्ष दिलं नाही तर 33 आणि मग श्रिम्प नाराज. छोट्या टँकचं हे असंच, चूक पातळ करायला पाणीच नसतं.

फेस अचानक बसला की घाबरून पाईप फिरवू नका. फ्रोझन मायसिस किंवा कुठलंही तेलकट खाणं घातलं की फेस दोन-चार तास गायब होतो. टँकमध्ये हात घातला तरी होतो, त्वचेवरचं तेल. आपोआप परत येतो. उलटा प्रकार म्हणजे कोरल चिकटवायची इपॉक्सी पुटी, काही औषधं, वॉटर कंडिशनर, यांनी तो दिवसभर उकळत राहतो, अशा वेळी कप काढून ठेवा किंवा पंपाचा स्पीड सगळ्यात खाली आणा. आणि तिसरं कारण, जे सगळ्यात जास्त वेळा असतं, हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साठलेलं. बुडबुडे कमी होतात, आवाज बदलतो, स्वयंपाकघरातून ऐकूनही कळायला लागतं इतका बदलतो. स्किमर चालू असतानाच नळीचं वरचं टोक कोमट आरओच्या पाण्यात बुडवायचं, घोटभर पाणी ओढून घेतो आणि मोकळा होतो. मी दर रविवारी करते, करायला मिनिटही लागत नाही. नेक मात्र दोन-तीन दिवसांनी पुसावीच लागते, आतल्या चिकट थरावर फेस चढतच नाही. पंप तीन महिन्यांनी खोलून अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर यात भिजत घालते, इम्पेलरवर चुन्याचा पांढरा थर बसलेला असतो तो सुटतो.

वासाबद्दल सासूबाईंचं मत इथे छापण्यासारखं नाही. कप बेसिनमध्ये धुऊ नका, बाथरूममध्ये धुवा, आणि खिडकी उघडून.

वीज जाते त्याचा बंदोबस्त वेगळा. वीज गेली की रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टँकमध्ये चढवणारा) थांबतो, वरचं पाणी खाली उतरतं, संपची पातळी चढते आणि वीज आली की स्किमर क्षणभर खोल पाण्यात सुरू होतो, कप भरून वाहतो. दिवसभर गाळलेली घाण दोन मिनिटांत परत संपमध्ये. स्किमरला वेगळा प्लग दिलाय आणि वीज आल्यावर पाच मिनिटांनी चालू होणारा टायमर लावलाय, त्यानंतर हा त्रास नाही. इन्व्हर्टरवर स्किमर नाही, वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवत ठेवणारा पंप) आहे, वीज गेल्यावर माशांना हलतं पाणी आधी हवं.

पीएच. पावसाळ्यात खिडक्या बंद, चार माणसं घरात, खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि स्किमर तीच हवा टँकमध्ये ढवळतो. माझा पीएच सकाळी 7.8 दिसायचा. हवेची नळी लांब करून खिडकीच्या फटीतून बाहेर काढली तर 8.0-8.1 वर आला, दुसरं काही बदललं नव्हतं. पण नळी बाहेर असो की आत, स्किमर जी हवा असेल ती ओढतो हे विसरू नका. खाली महापालिकेची डासांची धूरफवारणी आली, घरात झुरळांचा स्प्रे मारला, रंगकाम काढलं, की आधी स्किमर बंद. या कीटकनाशकांतली पायरेथ्रॉइड श्रिम्प-खेकड्यांना अगदी थोडी पुरतात. डासांचं लिक्विड मशीन टँकच्या खोलीत लावणं मी बंदच केलं.

फायदा दिसला का? दिसला. नायट्रेट 25 पीपीएमच्या आसपास असायचं ते हळूहळू 10 वर आलं, काचेवरचं शेवाळ दोन दिवसांऐवजी पाच दिवसांनी पुसावं लागतं, पाण्याची पिवळी झाक गेली (यात फिल्टरमधल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनचाही हात आहे, सगळं श्रेय स्किमरला देत नाही). मग मध्ये नायट्रेट 2 वर गेलं तेव्हा झोआ मिटून बसायला लागले आणि लेदर फिका पडला. मऊ कोरलना इतकं धुतलेलं पाणी नको असतं. आता स्किमर रात्री दहा ते सकाळी आठ चालतो, तेव्हा ऑक्सिजनही सगळ्यात कमी असतो आणि स्किमर तो भरूनही काढतो, नायट्रेट 5 ते 10 मध्ये राहतं आणि सगळे उघडलेले असतात. ज्यांच्याकडे फक्त मासे आहेत त्यांनी चोवीस तास चालवायला हरकत नाही.

जाता जाता, टँकमध्ये आणखी दगड भरायचे असतील तर मालवण नाहीतर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून उचलून आणू नका. त्यात कोरलचे तुकडे असू शकतात, आणि सगळे दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडासुद्धा. सुका सिरॅमिकचा रॉक मिळतो, तो घ्या.

तक्रारी दोन. डीसी कंट्रोलरचा डबा ओलाव्याला नाजूक आहे, संपच्या वर लावू नका, मी बाजूला उंच स्क्रूने लावलाय आणि वायरला खाली लूप दिलाय म्हणजे थेंब प्लगपर्यंत जात नाही. दुसरी, झाकणाचा ओ-रिंग इतका घट्ट की कप काढताना अख्खा स्किमर उचलला जातो आणि सेटिंग हलतं, त्याला फूडग्रेड सिलिकॉन ग्रीस लावलं की सुटतो. घेताना दुकानदाराला एवढं विचारा की इम्पेलर आणि ओ-रिंग सुटे मिळतात का, आणि ‘मागवून देतो’ म्हणाला तर त्याच बिलात एक इम्पेलर जास्तीचा टाकायला सांगा.