हक्कसोडपत्र की सातबाऱ्यावर नाव? सही करण्याआधी

वडील गेले, वारस नोंद झाली आणि आईबरोबर आम्हा दोघा भावंडांची नावं सातबाऱ्यावर चढली. मी २६ वर्षांची, भाऊ २२ चा. त्या वर्षी भाऊबीजेला माहेरी गेले तर काकांनी हक्कसोडपत्राचा, म्हणजे मी माझा हिस्सा भावासाठी सोडते असं लिहून द्यायच्या कागदाचा, मसुदा तयार ठेवला होता. आज जी मुलगी याच जागी उभी आहे, तिच्यासाठी हे लिहितेय.

हक्कसोडपत्राची बाजू लंगडी नाही. शेतात भाऊ राबतो, आईचं दुखणंखुपणं तोच काढतो. बहिणीचं नाव राहिलं की सोसायटीच्या पीककर्जाला तिची सही लागते, विहिरीवर वीजजोडणी घ्यायची तरी तिची संमती. मी ठाण्यात, शेत सांगली जिल्ह्यात. एका सहीपायी दोन दिवसांची रजा जाते. माझ्या चुलतबहिणीने मनापासून हक्क सोडला, तिला आजही त्याची खंत नाही.

नाव ठेवण्याच्या बाजूने कायदा आहे, हे बहुतेकींना ठाऊक असतं. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी मुलीचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क जन्मापासूनचा मानला. पण एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असावं लागतं, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. दुसरी जमीन नावावर नसेल तर या सहीबरोबर सातबाऱ्याचा तो पुरावाही जातो. पुढे स्वतःच्या कमाईतून अर्धा एकर घ्यायचं म्हटलं तरी अडतं.

माझा निर्णय मात्र कायद्याने झाला नाही, मसुद्यातल्या एका ओळीने झाला. ‘माझ्या लग्नात वडिलांनी केलेल्या खर्चातून माझा हिस्सा मला पोचला आहे.’ आमचं लग्न नोंदणी पद्धतीने झालं. जेवणाचे पैसे माझ्या पगारातून गेले, वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. लिहिणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, “ताई, ती ओळ सगळ्याच कागदांत असते.” मला तेच लागलं. किती बहिणींनी ती न वाचता खाली सही केली असेल! ओवाळणीचं तबक अजून पाटाशेजारी होतं, निरांजन विझलं नव्हतं. भाऊ म्हणाला, “काढून टाकू ती ओळ.” त्याच्या मनात खोट नव्हती. पण ओळ काढल्यावर उरत होतं ‘स्वखुशीने, विनामोबदला’, आणि खुशी आहे का, हे मला तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

मी सही केली नाही. चार महिने भाऊ बोलला नाही, ते दिवस फार जड गेले. मग पीककर्जापुरतं संमतीपत्र करून दिलं आणि त्याची अडचण बरीचशी सुटली. आता तो फोन करतो, पाऊसपाण्याचं सांगतो.

प्रत्येक घर वेगळं, तुमच्या भावाला आणि आईला तुम्हीच ओळखता. तरी माझा कल लपवत नाही. हक्क दहा वर्षांनीही सोडता येतो. नोंदणी झालेला कागद मात्र आपल्या एकटीच्या मनाने मागे घेता येत नाही, दबाव किंवा फसवणूक कोर्टात सिद्ध करावी लागते. आणि काही झालं तरी भाऊबीजेच्या दिवशी सही करू नका. मसुदा सासरी घेऊन या, शांतपणे वाचा, लग्नखर्चाची ओळ दिसली तर आईला फोन करून विचारा की हे खरं आहे का.