बीडमधून घेतलेलं लेदर होल्स्टर, ३ स्टार

पंपाची कॅश घेऊन बँकेत जावं लागतं म्हणून .३२ रिव्हॉल्वरचं लायसन काढलं, आन् होल्स्टर बीडच्या एका दुकानातून घेतलं. दुकानदार म्हणे भाऊ कमरेला दिसू द्या, वट राहतो. म्हणलं काहून, आर्म्स रूल्स २०१६ मधे लिहिलंय की सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरात आन् पूर्ण झाकलेलं पाहिजे, लग्नात मिरवायला देतेत का लायसन! मग पँटच्या आत बसणारं क्लिपवालं घेतलं. शिलाई एक नंबर, ट्रिगर पूर्ण झाकला जातो, पण मे महिन्यात घामानं चामडं लई चावतंय बघा, बनियन मधे खोचल्याशिवाय जमतच नाही. क्लिप पण जरा ढिलीच. इलेक्शनला हत्यार ठाण्यात जमा केलं तेव्हा कुठं कंबर मोकळी झाली.