घरखर्चातील कॅशबॅक : टक्का किती, यापेक्षा पैसे कोणत्या रूपात परत येतात ते पाहावे

कॅशबॅक देणाऱ्या अ‍ॅपची निवड करताना बहुतेक जण जाहिरातीतील टक्का पाहतात. माझ्या मते त्याआधी परत आलेली रक्कम नेमकी कुठे जमा होते, हे पाहायला हवे. बँकेच्या खात्यात आलेला किंवा क्रेडिट कार्डाच्या बिलातून वजा झालेला रुपया हा पूर्ण रुपया असतो, कारण त्यातून दुधाचे बिलही भागते आणि मुलांची फीही. अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये आलेला रुपया ठरावीक ठिकाणीच खर्च करता येतो. तेथे आपली नेहमीची खरेदी असेल तर तो उपयोगी पडतो, नसेल तर अडकून राहतो. पॉइंटांना बहुधा मुदत असते. कूपन ही तर पुढच्या खरेदीवरची सवलत, आणि ती खरेदी मुळात करायचीच नसेल तर त्या कूपनची किंमत शून्य. रोजच्या खरेदीत वापरल्या जाणाऱ्या काही सेवा मी याच कसोटीवर येथे तपासत आहे.

सर्वांच्या फोनमध्ये असतात ती यूपीआय अ‍ॅप आधी घेऊ. गुगल पे 2017 मध्ये ‘तेज’ या नावाने भारतात आले, तेव्हा स्क्रॅच कार्डातून खरोखर पैसे मिळत आणि ते थेट बँकेत जमा होत. 2019 च्या दिवाळीत पाच स्टॅम्प जमवणाऱ्याला 251 रुपये देण्याची त्यांची योजना होती. त्यातील रांगोळीचा स्टॅम्प मिळावा म्हणून लोक नातेवाइकांना आणि मित्रांना फोन करत होते, हे अनेकांना आठवत असेल. तो काळ संपण्यामागे सरळ आर्थिक कारण आहे. जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रूपे (व्हिसा, मास्टरकार्डसारखी भारतीय कार्ड व्यवस्था) डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर दुकानदाराकडून घेतले जाणारे शुल्क शून्य करण्यात आले. व्यवहारातून अ‍ॅपला शुल्कच मिळत नसेल, तर त्यातील वाटा ग्राहकाला कुठून मिळणार? आज स्क्रॅच कार्डातून बहुतेक वेळा निघतात ती कधी न ऐकलेल्या कंपन्यांची कूपने, म्हणजेच जाहिराती. उलट मोबाइल रिचार्जवर यांतील काही अ‍ॅप स्वतःचे शुल्क लावतात. तेच रिचार्ज मोबाइल कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवर केले तर ते वाचवता येते. पैसे पाठवण्यासाठी ही अ‍ॅप उत्तम आहेत, मात्र कॅशबॅकसाठी त्यांपैकी एकाची निवड करण्याचे आता कारण उरलेले नाही.

खरेदीवर रोख परत देणाऱ्या सेवांमध्ये 2013 मध्ये सुरू झालेल्या कॅशकरोचे काम अधिक समजून घेण्यासारखे आहे. स्वाती आणि रोहन भार्गव यांनी ती स्थापन केली आणि पुढे रतन टाटा यांनी तीत वैयक्तिक गुंतवणूक केली. तिचे गणित उघड आहे : ग्राहक तिच्या अ‍ॅपमधून एखाद्या ऑनलाइन दुकानात जातो, दुकान ग्राहक आणून दिल्याबद्दल तिला कमिशन देते आणि त्या कमिशनचा काही भाग ग्राहकाला मिळतो. वस्तूची किंमत दुकानात असते तीच राहते, म्हणून हा लाभ खरा आहे. मात्र दुकानाला ‘हा ग्राहक अमुक अ‍ॅपमधून आला’ हे कळणे ही त्यातील नाजूक कडी आहे, आणि तक्रारी बहुतेक तेथेच उद्भवतात. त्यामुळे वस्तू आधीपासून बास्केटमध्ये भरून ठेवू नयेत. आधी कॅशबॅकच्या अ‍ॅपमधून दुकान उघडावे, मग वस्तू निवडाव्यात आणि त्याच बैठकीत पैसे भरावेत. मध्येच दुसऱ्या संकेतस्थळावर जाऊन कूपन शोधले आणि ते लावले, तर कमिशन त्या दुसऱ्याच्या खात्यात जाण्याची शक्यता असते. ऑर्डरचा क्रमांक आणि बिल जपून ठेवावे, कारण कॅशबॅकची नोंद झाली नाही तर तक्रार नोंदवताना त्यांचीच गरज पडते.

या सेवेत धीर मात्र हवा. वस्तू परत करण्याची मुदत संपून दुकानाने विक्री पक्की केल्याशिवाय कॅशबॅक पक्का होत नाही आणि त्याला अनेकदा एक ते तीन महिने लागतात. बँकेत रक्कम वळती करण्यासाठी किमान 250 रुपये जमलेले असावे लागतात. शिवाय ‘कॅशबॅक’ आणि ‘रिवॉर्ड’ हे तेथे दोन वेगळे प्रकार आहेत, हे नव्या ग्राहकाने आधीच पाहून घ्यावे : कॅशबॅक बँकेत जातो, रिवॉर्ड मात्र गिफ्ट व्हाउचर म्हणूनच घ्यावे लागतात. कपडे, सौंदर्यप्रसाधने, औषधे आणि घरगुती उपकरणे यांसाठी ही सेवा मी निःसंकोच सुचवेन. किराण्याला ती फारशी कामाची नाही, कारण डाळ-तांदळाच्या विक्रीत दुकानालाच नफा थोडा असतो, त्यामुळे वाटण्यासारखे कमिशनही थोडेच असते. चांगले दर दिसले तरी ते अनेकदा फक्त नव्या ग्राहकासाठी किंवा ठरावीक रकमेपर्यंतच असतात. याच प्रकारच्या दुसऱ्या एका अ‍ॅपवर स्वयंपाकघरातील उपकरणाच्या खरेदीची नोंदच झाली नाही आणि तक्रारीला साचेबंद उत्तरांपलीकडे काही मिळाले नाही; तेव्हापासून कोणत्याही अ‍ॅपचा कॅशबॅक हातात येईपर्यंत मी तो महिन्याच्या हिशेबात धरत नाही.

किराणा, भाजी आणि औषधे या नेहमीच्या खर्चात नियमित परतावा हवा असेल, तर अ‍ॅपपेक्षा क्रेडिट कार्ड अधिक उपयोगी ठरते. अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डाला वार्षिक शुल्क नाही. वर्गणी भरून अ‍ॅमेझॉनचा प्राइम सदस्य झालेल्याला तेथील खरेदीवर 5 टक्के, इतरांना 3 टक्के आणि बाहेरच्या बहुतेक खर्चावर 1 टक्का परत मिळतो. ही रक्कम अ‍ॅमेझॉन पे शिलकीत येते, म्हणून तेथे नियमित खरेदी किंवा बिलभरणा करणाऱ्यालाच ती पूर्ण मोलाची. एसबीआयचे कॅशबॅक कार्ड ऑनलाइन खर्चावर 5 टक्के देते आणि ते बिलातूनच वजा होतात, म्हणून माझ्या कसोटीवर ते सरस आहे. त्याला 999 रुपये आणि कर एवढे वार्षिक शुल्क आहे, वर्षाला दोन लाखांचा खर्च झाल्यास ते माफ होते, आणि भाडे, इंधन, विमा, वीजबिल असे बरेच खर्च लाभातून वगळलेले आहेत.

कोपऱ्यावरच्या वाण्याकडे कार्ड चालत नाही, ही अडचण 2022 पासून बरीच दूर झाली आहे, कारण रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. दुकानदाराचा व्यापारी क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करून या कार्डातून पैसे देता येतात. कोणाच्या वैयक्तिक क्यूआरवर मात्र ते चालत नाही. लहान दुकानदाराला 2,000 रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क पडत नाही, त्यामुळे रोजच्या भाजी-किराण्यात त्याचे नुकसान करून आपण लाभ घेत आहोत, असे होत नाही. मोठ्या रकमेचे बिल असेल तर त्याला आधी विचारणे मला योग्य वाटते. कोणते यूपीआय अ‍ॅप वापरले यानेही फरक पडू शकतो : टाटांच्या ‘टाटा न्यू’ या खरेदीच्या अ‍ॅपशी जोडलेल्या इन्फिनिटी रूपे क्रेडिट कार्डावर त्याच अ‍ॅपच्या यूपीआयमधून दीड टक्का मिळतो आणि दुसऱ्या अ‍ॅपमधून त्याहून बराच कमी. तो न्यूकॉइन या पॉइंटांच्या रूपात असतो आणि बिगबास्केट, क्रोमा, वेस्टसाइड अशा टाटांच्या दुकानांतच चालतो.

हे सारे लाभ कार्डाचे पूर्ण बिल मुदतीत भरणाऱ्यासाठीच आहेत. थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला 40 टक्क्यांहून अधिक व्याज लागते. एका महिन्याची दिरंगाई अनेक महिन्यांचा कॅशबॅक खाऊन टाकते. खर्च हाताबाहेर जातो असा अनुभव असलेल्या कुटुंबाने क्रेडिट कार्डाच्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे.

किमान खरेदीच्या अटीकडेही डोळसपणे पाहावे. समजा, 900 रुपयांचे सामान हवे आहे आणि 1,200 च्या खरेदीवर 75 रुपये परत मिळणार आहेत. अट पूर्ण करण्यासाठी 300 रुपयांच्या नको असलेल्या वस्तू घेतल्या तर 75 रुपये मिळूनही खिशातून 225 रुपये जास्तच गेले. मात्र ते 300 रुपये पुढच्या महिन्यात लागणाऱ्या साबणाचे, तेलाचे किंवा डाळीचे असतील, तर लाभ खरा आहे. घरपोच सेवेचे आणि हाताळणीचे शुल्क धरून किलोमागे अंतिम भाव किती पडला, हे जवळच्या डीमार्टच्या भावाशी एकदा ताडून पाहावे. छापील किमतीवर तेथे मिळणारी सूट अनेक वस्तूंवर कोणत्याही अ‍ॅपच्या टक्क्यापेक्षा मोठी असते आणि ती जागच्या जागी मिळते.

विजेच्या बिलाबाबत तर अ‍ॅपच्या योजनांकडे पाहण्याआधी महावितरणच्याच सवलती घ्याव्यात. बिल लवकर भरल्यास, ऑनलाइन भरल्यास आणि छापील बिलाऐवजी ई-मेलवर बिल घेणारी ‘गो ग्रीन’ योजना स्वीकारल्यास बिलातूनच रक्कम कमी होते. त्यांना ना स्क्रॅच कार्ड लागते, ना मुदतीचे पॉइंट.

‘तुमचा कॅशबॅक मंजूर झाला आहे, तो घेण्यासाठी यूपीआय पिन टाका’ असा निरोप आला, तर तो फसवणुकीचाच समजावा. पिन लागतो तो खात्यातून पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे मिळण्यासाठी तो कधीच लागत नाही. घरातील ज्येष्ठांच्या फोनमध्ये अशी अ‍ॅप घालून देताना ही एवढी गोष्ट त्यांना समोर बसून समजावून सांगावी आणि पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या हेल्पलाइनवर फोन करायचा, हेही सांगून ठेवावे.